गुरुवारची शिकवणी

"एवढं पाणी घालतात का कधी? मुळं कुजतील ना," असं म्हणत बासिलियाने एर्लिंदाबाईंच्या हातातला डबा काढून घेतला.

एर्लिंदाबाईंनी चष्मा वर सरकवला आणि वहीत लिहून घेतलं.

बासिलियाची कार्पा, म्हणजे भाजी लावायची बंदिस्त खोली, आठ पावलं लांब आणि चार पावलं रुंद होती. मातीच्या विटांच्या भिंती आणि वर प्लास्टिकचा कागद. एल आल्तो शहराच्या उंचीवर उघड्यावर लावलेलं बहुतेक काही थंडीने करपून जायचं, म्हणून नवऱ्याने, इलारियोनने, अंगणाच्या कोपऱ्यात ती बांधली होती. तो गेल्यावर वाफे ओस पडले. मुलगी नेलिदा ब्वेनोस आयरेसला शिवणकाम करायची. ती दर रविवारी फोन करायची आणि एकच सांगायची, घर भाड्याने दे, ते प्लास्टिक काढून टाक आणि इकडे ये. बासिलियाही मनातून तयार झाली होती. दिवसदिवस कुणाशी एक शब्द बोलणं होत नसे.

तशातच वर्षापूर्वीच्या एका गुरुवारी एर्लिंदाबाईंनी दार वाजवलं होतं. लेट्यूस मिळेल का, म्हणून विचारत होत्या. कार्पात चारच गड्डे होते, तेही पिवळे पडलेले. त्यांनी त्यातला एक घेतला आणि विचारलं, "ही पानं अशीच असतात का हो? मला यातलं काही कळत नाही."

बासिलियाला लाज वाटली. अशी नसतात, म्हणाली. पुढच्या गुरुवारी या, मग दाखवते. आणि आठवडाभर खपून तिने एक वाफा सरळ केला.

तेव्हापासून बाईंचा गुरुवार चुकला नाही. त्या मिनीबसने यायच्या, येताना दोन पाव आणायच्या. बासिलिया कोकाच्या पानांचा चहा करायची. मग दोघी कार्पात शिरायच्या आणि बाईंचे प्रश्न सुरू व्हायचे. बासिलियाला हसू यायचं. इतकी शिकलेली दिसणारी बाई, आणि मुळ्याचं पान कुठलं नि पालकाचं कुठलं, तेही सांगावं लागे.

एकदा बाई म्हणाल्या, "जागा संपली म्हणायची. भिंतीवर काही लागत नसेल, नाही का?"

"का नाही लागणार?" बासिलिया फणकारली. पुढच्या आठवड्यात तिने तेलाचे डबे उभे कापून भिंतीला टांगले आणि त्यात स्ट्रॉबेरी लावली. बाई आल्यावर डबा कसा कापायचा, भोकं कुठे पाडायची, हे तिने त्यांना सविस्तर समजावलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं.

जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा. त्या थंडीत बाईंनी भलतंच काढलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं म्हणे, पाण्याच्या बाटल्या काळ्या रंगवून भिंतीशी मांडल्या, तर दिवसाची ऊब रात्री पुरते. खोटंच असेल ना?

"लोक काहीही सांगतात," बासिलिया म्हणाली. पण बाई गेल्यावर तिने बाटल्या गोळा केल्या. त्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या कार्पांमध्ये पानं थिजून काळी पडली. बासिलियाच्या वाफ्यात एकही पान गेलं नाही. गुरुवारी तिने बाटल्यांची युक्ती स्वतःचीच असल्यासारखी बाईंना शिकवली. बाई म्हणाल्या, "तुमचं डोकं चालतं हो, बासिलियाबाई." तिला कित्येक दिवसांत कुणी असं म्हटलं नव्हतं.

नेलिदाने पुन्हा विषय काढला तेव्हा तिने सांगून टाकलं, "एक बाई माझ्याकडे शिकायला येते. तिला अर्ध्यावर सोडून कशी येऊ?"

आणि मग ऑगस्टमध्ये बाई यायच्या थांबल्या.

पहिल्या गुरुवारी बासिलियाने चहा दोनदा गरम केला. दुसऱ्या गुरुवारी ती मिनीबसच्या थांब्यापर्यंत जाऊन आली. तिसऱ्या गुरुवारी चहा ठेवलाच नाही. बाईंचं शिकून झालं असेल, त्यांना आता आपली गरज काय, असं तिने स्वतःला समजावलं. वाफ्यांना पाणी घालायचाही कंटाळा यायला लागला. त्या रविवारी नेलिदाला तिने 'येते' म्हणून कळवलं.

निघण्यापूर्वी एक काम उरलं होतं. कार्पा मोडली की रोपं मरणार. त्यापेक्षा बाईंना द्यावीत. तिने सगळ्यात जोमदार रोपं ओल्या पोत्यात गुंडाळली, पाठीवरच्या कापडात बांधली आणि मिनीबस पकडली. बाईंचं घर चर्चच्या मागे आहे, दार हिरवं आहे, एवढंच तिला बोलण्याबोलण्यात कळलं होतं.

चाळिशीच्या एका बाईने दार उघडलं. आपण एर्लिंदाबाईंची भाची, असं तिने सांगितलं. मावशी पायरीवरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, अजून अंथरुणातच होती. आत्ता डोळा लागला होता.

बाई आपल्याला विसरल्या नव्हत्या, म्हणून बासिलियाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुखलाही. एवढं होऊन आपल्याला पत्ता नाही.

"उठल्या की सांगा, त्यांना भाजी लावायला शिकवते ती बासिलिया आली होती," ती म्हणाली. "आणि त्यांची जी काय चार रोपं असतील ती दाखवा. पाणी घालून जाते. त्यांना पाण्याचा अंदाज येत नाही."

भाची तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला घरामागे घेऊन गेली.

मागे ओळीने तीन कार्पा उभ्या होत्या. पहिलीत टोमॅटोचे वेल छपराला टेकले होते. दुसरीत लेट्यूसचे गड्डे इतके दाट होते की माती दिसत नव्हती.

"हे कुणाचं?" बासिलियाने विचारलं.

"मावशीचं. तीस वर्षं शेतकी शाळेत शिकवलं तिनं. शाळेतून निवृत्त झाली आणि विचारायला येणारी माणसं हळूहळू बंद झाली. घरात बसून नुसती झुरायची," भाची म्हणाली. "पण वर्षभर दर गुरुवारी कुठेतरी जायची आणि हसत परत यायची. म्हणायची, माझी एक विद्यार्थिनी अजून आहे. सरळ सांगितलेलं ऐकत नाही, पण तिच्या हाताला गुण आहे."