मले

रामदासपेठेतल्या घरी नवी सून होऊन आलेली गोपिका पहिल्याच पंगतीत “मले पुरे” म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे इंदूबाईंनी, चारचौघांत सुनावले, “आपल्या घराण्यात ‘मला’ म्हणतात. ‘मले’ खेड्यातले लोक म्हणतात.” घराण्याचा त्यांना फार अभिमान होता. गोपिकेने बोलणे बदलले, इतके, की माहेरी गेल्यावर तिची आई हसत हसत म्हणे, “माह्यासंगं तरी आपलं बोल वं. घरात पाहुणी आल्यासारखं वाटते मले.” त्या आईला जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

यंदा इंदूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. कित्येक आठवड्यांनी आज ती परतली, तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

“माय, पाणी दे वं मले.”

गोपिकेने चमच्याने पाणी पाजले. हीच तिच्या आईची बोली होती. आज त्याच बोलीत उत्तर द्यावे, म्हणून तिने तोंड उघडले.



“अजून देऊ का तुम्हाला?” एवढेच तिला बोलता आले.