शोभेच्या दारूचा फोटो

पितांबरची तिसरी प्लेटही वाया गेली. बाण आकाशात फुटला आणि त्यानं लेन्सवरचं टोपण काढेपर्यंत नुसता धूर उरला. धुळ्याच्या स्टुडिओत तो वर्षभर फोटोचं काम शिकत होता. तिथे माणसं खुर्चीत दम धरून बसत. पारोळ्याच्या यात्रेतली शोभेची दारू कुणासाठी थांबत नव्हती.

मैदानाच्या मधोमध त्याचे वडील झुलाल वाकून वाती पेटवत होते. यात्रेची दारू कित्येक वर्षं त्यांच्याच हातची. पण एक वात पेटली की दुसरीकडे धावायचं. मान वर करायला फुरसत कुठली? सकाळी ते पितांबरला म्हणाले होते, "मन्हा बान आभायमा कसा फुटस, ते एकदाव माले दखाड रे भाऊ."

त्याची आई, तानुबाई, घरीच असणार होती. थोरला मुलगा अभिमन याच मैदानात, दारूचा नळा हातातच फुटल्यानं गेला होता. तेव्हापासून यात्रेच्या संध्याकाळी ती घराबाहेर पडत नाही, असंच बापलेक समजत. झुलालना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी धंदा सोडला नाही. तिनंही त्यावर कधी शब्द काढला नाही. झुलाल घरी परतले की ती मुकाट्यानं ताट वाढायची. पण तो नळा झुलालनीच भरलेला होता. तिनं आपल्याला माफ केलेलं नाही, असंच ते धरून चालले होते.

आता एकच प्लेट उरली होती. या वेळी पितांबरनं शेवटचे बाण सुटायच्या आधीच टोपण काढलं आणि सगळे फुटेपर्यंत तसंच धरून ठेवलं. जमलं, असं त्याला वाटलं. टोपण परत बसवताना पाहतो तर काय, गर्दीच्या रेट्यात कॅमेऱ्याखालच्या तिकाटण्याचा एक पाय खचलेला! कॅमेऱ्याचं तोंड आकाशाकडे नव्हतंच. मैदानापलीकडच्या माणसांकडे होतं.

पुढच्या खेपेला तो फोटो घेऊन घरी आला, तेव्हा त्याची मान खाली होती.

"आबा, आभाय नही उनं यामा."

झुलालनी फोटो दाराशी उजेडात नेला. बाणांच्या उजेडात पलीकडची गर्दी उमटली होती. सगळ्यांच्या माना वर, आणि सगळे हलल्यामुळे चेहरे पुसट. कडेला देवळाच्या भिंतीपाशी उभी असलेली एक बाई तेवढी स्पष्ट होती. ती जराही हलली नव्हती. पदराचा काठसुद्धा दिसत होता. तिची मान वर नव्हती. ती सरळ समोर, मैदानाच्या मधोमध बघत होती.

झुलालनी पदराच्या त्या काठावर बोट ठेवलं. मग फोटो घेऊन चुलीपाशी गेले. तानुबाई भाकरी थापत होती.

"तू उनी व्हती?"

तिनं फोटोकडे पाहिलं. पिठाचे हात तसेच राहिले.

"दरसाल येस."

"दारू देखाले?"

"दारूले काय देखनं?" तव्यावर भाकरी टाकत ती म्हणाली. "शेवटना बान सुटस, धूर निवळस, आन् तुम्ही उभा दिखतस. मंग मी घर येस."