चाळिसावी टाचणी

"एकोणचाळीस!" टेलरमास्तरांनी उशीवरच्या टाचण्या तिसऱ्यांदा मोजल्या आणि कपाळाला हात लावला.

वीस वर्षांचा नेम होता. चाळीस टाचण्या मोजायच्या, मगच दुकानाला कुलूप. चाळिसावी कुठे गेली ते उघड होतं. त्याच दुपारी वकीलसाहेब नवा काळा कोट घेऊन गेले होते.

"जाऊन विचारा ना," काजं-बटणं करणारी बायको म्हणाली.

"आणि नसली तर? उगाच माझ्या हातावरचा विश्वास उडायचा."

झालं! टाचणी मास्तरांच्या डोक्यात रुतली ती रुतलीच. वकीलसाहेब कोर्टात उभे राहतात, मान वळवतात, किंचाळतात, खटला हरतात. की पुन्हा पहिल्यापासून. या नादात मास्तरांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, एका पँटचे दोन पाय एकमेकांना शिवून टाकले. दोन जुनी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. असंच चाललं असतं तर दुकानाला कायमचं टाळं पडायला वेळ लागला नसता.

आठव्या दिवशी बायको वैतागली. "अहो, काळजी करू नका असं मी म्हणतच नाही. करा की! पण फक्त चार ते सव्वाचार. अधेमधे आली तर तिला सांगायचं, चारला ये."

मास्तर वेळेचे पक्के. चारच्या ठोक्याला मशीन थांबवायचे, स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मन लावून काळजी करायचे. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटांतच विषय संपला. पाचव्या दिवशी तर त्यांना चक्क डुलकी लागली. इकडे बाह्या आपापल्या जागी बसू लागल्या.

सहाव्या दिवशी पाच वाजता वकीलसाहेब दारात उभे. हातावर तोच कोट. मास्तरांनी मशीन थांबवलं.

"मास्तर, आज पहिल्यांदा घातला. कॉलरमध्ये टाचणी! मान ताठ ठेवून तासभर बोललो. खटला जिंकला बघा!"

"होती ना? अगं, ऐकलंस? होती! मी म्हणत नव्हतो?" मास्तरांचा आनंद गगनात मावेना.

वकीलसाहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर सोडली. आत दोन टाचण्या होत्या. "दुसरी अस्तरात निघाली."

मास्तरांनी एक उशीत खोचली. चाळीस भरल्या. दुसऱ्या टाचणीकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मग ही कुठली? आणि आजवरच्या कोटांत अशा किती?

बायकोने हातातलं काज अर्धवट सोडलं.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून पाच मिनिटं. त्यांनी ती टाचणी उचलली, कॅलेंडरवर उद्याच्या तारखेला टोचली आणि तिला बजावलं,

"चारला ये."