खलाशाचा खटला

फळ्यापुढे एक रिकामी खुर्ची ठेवली होती. आरोपी त्या खुर्चीत बसलाय असं समजायचं, हा बाईंचा नियम.

सकाळी या वर्गात पाचवीची पोरं बसतात आणि दुपारी त्यांच्या आया शोभतील अशा बायका, राहून गेलेली दहावी पुरी करायला आलेल्या. बाकं बुटकी, गुडघे आपटतात, पण सांगणार कुणाला! परीक्षेला समुद्रसफरीची एक जुनी, जाडजूड कादंबरी लावली होती. नुसतं "स्वभाववर्णन करा" म्हटलं की सगळ्याजणी गाइडमधलं घोकून यायच्या. म्हणून बाईंनी हे खटले काढले. दर शुक्रवारी एक पात्र खुर्चीत बसवायचं, चिठ्ठ्या टाकायच्या, एकीनं आरोप करायचे, दुसरीनं बचाव. आणि जिनं आरोप केले, शिक्षाही तिनंच सुनावायची. मागच्या खेपेला एका दगाबाज आचाऱ्याला थेट शार्कच्या तोंडी दिलं गेलं होतं.

आजचा आरोपी होता कप्तानाचा उजवा हात असलेला खलाशी. कप्तानानं त्याला दोर बांधण्यापासून वारा ओळखण्यापर्यंत सगळं शिकवलं, आणि हा पठ्ठ्या एका बंदरात पहाटेच गुपचूप उतरून गेला. स्वतःची छोटी होडी घेतली म्हणे.

आरोपाची चिठ्ठी निघाली थोरलीच्या नावाची. बचावाची धाकटीच्या.

"घ्या! घरातलं भांडण वर्गात," मागून पार्लरवाली म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. सख्ख्या जावा त्या. एका बाकावर बसायच्या, एका डब्यातून खायच्या.

धाकटीला मात्र हसू येईना. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती. लांबच्या गावात दोन खोल्या बघून झाल्या होत्या, परीक्षा आटपली की निघायचं होतं, आणि घरात अजून कुणालाच पत्ता नव्हता. ताईंना मीच सांगेन, असं तिनं नवऱ्याला बजावलं होतं. रोज भाजी चिरताना ती तोंड उघडायची आणि भलतंच काहीतरी विचारून गप्प व्हायची.

थोरली उभी राहिली. तिला अशा वेळी भलताच जोर चढायचा.

"बाई, हा माणूस कृतघ्न आहे. ज्यानं हाताला धरून शिकवलं, त्याला जाताना तोंडसुद्धा दाखवलं नाही यानं. तो म्हातारा सकाळी उठून याला हाका मारत फिरला असेल! मी म्हणते, जायचं तर जा ना बाबा. पण असं चोरासारखं?"

टाळ्या पडल्या. धाकटी बाकाला धरून उठली.

"तो कृतघ्न नाही," ती म्हणाली. "कप्तानानं त्याला सगळं दिलं. आजारी पडला तर उशाशी बसला. पण जहाज कप्तानाचं, बाई. कुठल्या बंदरात थांबायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं कप्तान ठरवणार. चांगलंच ठरवणार, पण तोच ठरवणार. एकदा तरी आपल्या हातानं चुकावं, असं नाही का वाटणार माणसाला?"

"अगं, पण सांगायला काय झालं होतं त्याला?" थोरलीनं मध्येच विचारलं.

"सांगणारच होता. रोज ठरवायचा. कप्तानाच्या तोंडाकडे बघितलं की जीभ उचलायची नाही त्याची. कप्तान चिडला असता तर चाललं असतं. तो रडला असता, तर याचा पाय निघाला नसता."

बाईंनी चष्मा लावून पानं चाळली. "हे कुठल्या प्रकरणात आहे?"

"पुस्तकात नाही," धाकटी म्हणाली. "मला आपलं वाटलं."

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. मग रिकाम्या खुर्चीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. परवा धाकटे दीर माळ्यावरची मोठी बॅग काढून ओल्या फडक्यानं पुसत बसले होते. तिनं विचारलं तर म्हणाले, धूळ फार झाली होती. इतकी वर्षं हिला काय हवं-नको ते आपण न विचारताच बघितलं, आणि न विचारताच चुकलं, हेही तिला तिथं उभ्या उभ्याच कळलं.

"शिक्षा सांगा," बाई म्हणाल्या.

थोरलीनं समोरचं पुस्तक मिटून बाकावर ठेवलं.

"द्या फासावर, घंटा होईल आता," पार्लरवाली म्हणाली.

"तू गप गं!" थोरली खेकसली. मग ती बाईंकडे वळली. "शिक्षा अशी. पहाटे गुपचूप उतरायचं नाही. चांगलं उजाडल्यावर, जेवूनखाऊन, सगळ्यांच्या देखत जायचं. कप्तान रडेल. रडू द्यायचं त्याला. यानं समोर उभं राहून ते बघायचं. एवढीच शिक्षा."

वर्गात कुणी टाळी वाजवली नाही. शिक्षा जरा कमी झाली, असं पार्लरवालीला वाटलं असावं.

"बचावाला मान्य?" बाईंनी विचारलं.

धाकटीनं मान डोलावली.

थोरली खाली बसली आणि लगेच पुन्हा उठली. "आणखी एक. कुकर नवा घेऊन जायचा. जुन्याची शिट्टी त्याला कधी जमली नाही."

बाईंनी पुस्तकातून डोकं वर काढलं. "जहाजावर कुकर कुठला आला?"

"मी जुनाच नेईन, ताई," धाकटी डोळे पुसत म्हणाली.