भागीरथेचा बुरूज

भागीरथेच्या बुरजापाशी सगळ्यांचे घण थांबले. गोऱ्या साहेबाच्या हुकमानं दुष्काळी काम निघालं होतं: गड फोडायचा आणि खाप्याच्या सडकेसाठी गिट्टी करायची. गड गोंड राजांच्याही आधीचा. तट फुटला, दरवाजाची कमान उतरली, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. भुकेपुढे कोण काय बोलणार? पण हा बुरूज वेगळा होता.

बांधताना तो म्हणे सारखा ढासळायचा. शेवटी गवंड्यानं आपली सून भागीरथा त्यात जिवंत चिणली, तेव्हा कुठे तो उभा राहिला. शेंदूर लावलेल्या मोठ्या चिऱ्यामागे ती आहे, असं सगळेच सांगत. कवडू त्याच गवंड्याच्या घरातला. त्या बळीचा मान म्हणून गावच्या लग्नात पहिला विडा अजून त्या घराला. विडा घ्यायचा सासऱ्यांनी, नवरात्रात बुरजाची ओटी भरायची सुनांनी.

"याले हात लावाचा नाही," म्हणत कवडू आडवा उभा राहिला.

"कवडूबाबा, गिट्टी नाही तं सांजच्याले धान्य नाही," मुकादम चंपतराव म्हणाला. बोलताना त्यालाही बरं वाटत नव्हतं.

कवडूची सून देवकी पुढे आली. तिची पोर कडेला निपचित पडली होती. आता ती रडतही नव्हती.

"मामाजी, बाजूले सरा."

"तिच्या अंगावर घण घालशीन? आपल्या घरची सून आहे वं ते!"

"मंग मी कोणाच्या घरची आहो?"

कवडू सरला. देवकीनं चिऱ्यावर डोकं टेकलं. "माय, तुह्या जिवावर गड उभा राह्यला. आता माह्या पोरीले जगू दे." आणि तिनं घण घातला.

सब्बल लावून चिरा काढला. मागची माती सगळे हातानंच उकरत होते, न जाणो हाड लागेल, बांगडी लागेल. गोटे निघाले, मुरूम निघाला, चुना निघाला. बाकी काहीच नव्हतं.

कवडूनं भगदाडात हात घालून चाचपलं. "कोनीच नाही? मंग आपन विडा कायचा घेत होतो?"

देवकीला हसू आलं आणि डोळे वाहू लागले. "बरं झालं, मामाजी. निसटली असन माही माय."

तिच्या पदराच्या गाठीत मूठभर तांदूळ होते. भागीरथेच्या ओटीसाठी राखलेले. पोर भुकेनं कळवळली तरी तिनं त्यांना हात लावला नव्हता. आता तिनं गाठ सोडली, आणि चुलीसाठी बुरजाचे तीन दगड वेचले.