सगळ्यांना एकच भाव

“त्यांना सांगा, पोरीला गच्चीवर नेऊ नका. कठडा बुटका आहे,” मालक खुर्चीतूनच म्हणाले.

ज्यांना सांगायचं ते नवरा-बायको चार हातांवर उभे होते. तरी निरोप एजंटबाईमार्फत. तिनं तो मुकाट्यानं पोचवला.

घरं दाखवणं हा तिचा धंदा. स्वतः भाड्याच्या दीड खोलीत राहायचं, पोरीला शेजारणीकडे ठेवायचं आणि दिवसभर लोकांना दुसऱ्यांची अंगणं दाखवत हिंडायचं. गिऱ्हाईक यायच्या आत घर कोरं करून घ्यायचं, ही तिची शिस्त. भिंतीवर घरच्यांचे फोटो राहिले की बघणाऱ्याला आपण पाहुणे वाटतो. इथे तिला सांगावंच लागलं नव्हतं. पहिल्या दिवशीच भिंतींवर नुसते खिळे. “फोटो मी कधीच उतरवलेत,” मालक म्हणाले होते. किल्ल्याही काढून ठेवल्या होत्या, तीनपैकी दोन. “तिसरी बाहेर आहे. वेळ आली की सांगतो.”

असा मालक मिळायला नशीब लागतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आज वाटत नव्हतं. सकाळी सोनेरी चष्मेवाले येऊन गेले. सहा घरांचे धनी, हे सातवं. त्यांच्यासाठी मालक उठून उभे राहिले, हात मिळवला, पाण्याची टाकी स्वतः दाखवली. चष्मेवाल्यांनी वरचा मजला पाहिलाही नाही. मधे फळ्या ठोकून भाड्यानं द्यायला किती खोल्या निघतील, तेवढं पावलांनी मोजलं आणि गेले.

आणि या दोघांसाठी मालकांची मान वळत नव्हती. तो शाळेत मास्तर, बायको दवाखान्यात नर्स, कडेवर तीन वर्षांची पोर. राहत्या जागेच्या मालकानं महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलेली. कर्ज कसंबसं मंजूर झालेलं. हे घर मिळालं तर मिळालं, नाहीतर सामान कुठे ठेवायचं इथपासून प्रश्न.

“या, वर जाऊ,” एजंटबाई म्हणाली.

जिन्याच्या वळणावर एक आडवी तुळई होती. ‘डोकं जपा’ म्हणायला ती दर वेळी विसरायची. मास्तर पोरीची टोपी सारखी करत वर चढले आणि तुळईखाली बरोबर वाकले. मागून त्यांच्या बायकोच्या कपाळाला मात्र टोला बसला. उंच माणसांना वाकायची सवयच असते, एजंटबाईच्या मनात आलं.

वरची खिडकी तिच्यानं उघडेना. मास्तरांनी चौकटीला खालून एक चापट दिली. उघडली.

“लाकूड फुगतं,” ते म्हणाले. तेवढंच बोलले. पाणी किती वाजता येतं, ऊन कुठून येतं, शेजार कसा, सगळं त्यांची बायकोच विचारत होती. पोर खोलीभर धावली, मग कोपऱ्यात फतकल मारून म्हणाली, “मी इथे झोपणार.”

कुणी हसलं नाही.

खाली आल्यावर एजंटबाईनं त्यांना फाटकापाशी थांबायला सांगितलं. “मी बोलते मालकांशी.”

“राहू द्या,” मास्तर म्हणाले. “त्यांचं ठरलेलं असतं.”

ती तरी आत गेली.

“चष्मेवाल्यांपेक्षा थोडंच कमी आहे यांचं. आणि हे इथे राहणार आहेत.”

“माझा सगळ्यांना एकच भाव, बाई. यांच्या वयाचा होतो तेव्हा घेतलं हे घर. एकट्याच्या पगारात. माझ्या बापानं दमडी दिली नव्हती.”

“तेव्हा तुमच्या स्टोअरकीपरच्या पगारात घर येत होतं. आज त्याच पगारात याचा जिनासुद्धा येणार नाही.”

“हल्ली फिरायला हवं, मोबाइल हवा. आम्ही चहापलीकडे चैन पाहिली नाही.”

“त्या बाईंचा मोबाइल पाहिलात? काचेला चिकटपट्टी लावलीय. रात्रपाळ्या करतात त्या.”

“मग नवऱ्यानं बरी नोकरी धरायची. मास्तरकी करायला कुणी सांगितलं होतं?”

तोंड आवरणं हा तिच्या धंद्याचा अर्धा भाग. पण आज तिचं डोकंच फिरलं.

“तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, आणि आम्हाला विचारताय भूक कशी लागते. सहा घरं असणाऱ्याला सातवं द्याल. उद्या हीच दोघं फळीआडची खोली मागायला त्याच्या दारात उभी राहतील. तुमच्याच घरातली खोली, मालक.”

मालकांनी खुर्ची खिडकीकडे वळवली.

तिचं स्वतःचं भाडं थकलेलं होतं. तरी ती म्हणाली, “माझं कमिशन सोडते. सगळं. तेवढ्यात फरक भरून निघतो. झाला एकच भाव. आता द्या त्यांना.”

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाच्या दांडीवर उभी राहून पोर झोके घेत होती. मास्तर एका हातानं फाटक हलवत होते, दुसरा हात तिच्या पाठीशी.

“चष्मेवाल्यांना कळवा,” मालक म्हणाले. “घर त्यांचं.”

तिनं संतापानं पर्स उचलली. पर्सचा पट्टा खांद्यावर नीट बसेना. “भाव एक झाला, तरी नाही. निदान का, ते तरी सांगा. काय वाकडं केलंय त्यांनी तुमचं?”

मालकांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

“जाताना त्या मास्तराकडून तिसरी किल्ली तेवढी मागून घ्या. पहिलीत गेला तेव्हापासून त्याच्याकडेच आहे.”