मार्टिनला सापडलेल्या चुका

नॉर्वेत आज बर्फ पडला की नाही, हे मोबाइलवर बघून घेतलं आणि मगच दामिनीनं मेल लिहायला घेतली. "इकडे सकाळपासून बर्फ आहे," तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. बाहेर दुर्गजवळच्या जुनवानीच्या उन्हात सासूबाईंच्या मुगवड्या वाळत होत्या.

पोलादाच्या प्लांटातली फर्स्ट शिफ्ट करून ती दुपारी घरी आली होती. प्रफुल्ल, तिचा नवरा, पुढच्या खोलीत हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकला होता. मागच्या खोलीचं दार लावलं की तासभर दामिनीचा मार्टिन व्हायचा.

या मार्टिनचा जन्म दिवाळीनंतरचा.

प्रफुल्लनं नोकरीबाहेर, निव्वळ हौसेनं एक लायब्ररी लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामांनी उसनी घ्यायची, पडद्यावर देवनागरी अक्षरं नीट जुळवून देणारी. त्याच्या लिनक्सवर ती झकास चालायची. मग त्यानं विंडोजसाठी तिचं पॅकेज बांधायला काढलं आणि तिथं गाडी अडली. घरी ताटात वाढलेलं जेवण वेगळं आणि प्लांटात न्यायचा डबा वेगळा; तिथं मीठसुद्धा आपलंच न्यावं लागतं. पॅकेजचंही तसंच. एखादी बारीकशी फाइल सोबत बांधायची राहिली, की दुसऱ्याच्या मशीनवर सगळं ठप्प.

"माझ्यापाशी विंडोजचं मशीनच नाही," तो तेव्हा दामिनीच्या शेजारी बसून मोठमोठे सुस्कारे टाकत म्हणाला होता. "कोणी तपासून देणारा भेटला नाही तं सोडूनच देतो. कोणाले पडली आहे?"

पुढचे काही दिवस तो तोंड पाडून बसला. दामिनीच्या जिवाला ते फार लागलं.

दुर्गच्या कॉलेजात दोघं शेजारी बसून प्रोग्राम लिहायला शिकली होती, आणि तिचा हात त्याच्याहून जलद होता. पण वडील गेले, त्यांच्या जागी ती प्लांटात लागली, रोलिंग मिलच्या कंट्रोल रूममध्ये बसू लागली. "माझं कोडिंग संपलं आता," असं ती तेव्हा हसत म्हणाली होती. लॅपटॉप गोधड्यांच्या कपाटात गेला. कोणी जास्त विचारलं नाही.

तो लॅपटॉप विंडोजचा होता. तिनं तो गुपचूप बाहेर काढला. इतकी वर्षं पडून असूनही बॅटरी धड निघाली, याचं तिला नवलच वाटलं.

बायकोनं तपासलं असतं तर प्रफुल्लला ती नुसती माया वाटली असती. परक्या माणसाची दाद वेगळी. म्हणून मार्टिन, आणि तोही थेट नॉर्वेचा.

मार्टिन मोठा चोख निघाला. पहिल्याच मेलमध्ये त्यानं राहून गेलेली फाइल पकडली. मग फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की पॅकेज बसतच नाही, हे दाखवून दिलं. प्रफुल्ल दुरुस्ती इतक्या झटकन करायचा, की दामिनीचा चहा संपायच्या आत नवं पॅकेज हजर. त्यात पुन्हा नवी गाठ, आधीपेक्षा जराशी अवघड. एकदा तर कंट्रोल रूममध्ये बसल्या बसल्या तिला उत्तर सुचलं आणि ती एकटीच हसली.

सेकंड शिफ्ट असली की मार्टिन सकाळी लिहायचा, फर्स्ट असली की दुपारी. नाइटच्या आठवड्यात तिचे डोळे मिटत असायचे, पण तेव्हा चुकाही नेमक्या किरकोळ निघायच्या. नशीबच म्हणायचं.

जेवताना प्रफुल्ल मेल वाचून दाखवायचा.

"मार्टिनकडे बर्फ पडून राहिला म्हणे."

"त्याले म्हणा, कानाले बांधत जा," त्याची आई, सिंधुताई, म्हणायच्या. मग सुनेकडे वळायच्या. "अन् तू काय वं, आजकाल भाजी चिरताना गाणे म्हणून राहिली?"

"कुठं काय, आई."

इथवर सगळं छान चाललं होतं. पण काल सिंधुताईंनी घोटाळा केला.

"त्याचा पत्ता माग रे. मुगवड्या पाठवू. एवढं करून राहिला बिचारा आपल्यासाठी."

दामिनीनं घाईघाईनं त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

"मागतो," प्रफुल्ल म्हणाला, आणि त्यानं खरंच मागितला.

आता मार्टिनला निरोप देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सासूबाईंच्या हातच्या वड्या खोट्या पत्त्यावर पाठवायच्या, हे पाप तिच्यानं झालं नसतं. आणि प्रफुल्लला खरं कळलं, तर ही सगळी दाद घरचीच होती म्हणून तो पार खचला असता. म्हणून बर्फानंतर तिनं लिहिलं, "पॅकेज आता उत्तम चालतं. मी दुसऱ्या कामाला लागतो. वड्यांची तसदी घेऊ नका. तुमच्या आईंना नमस्कार."

मेल पाठवली आणि तिला एकदम रडू आलं. मार्टिन कोण लागून गेला, असं स्वतःला दटावत तिनं लॅपटॉप पुन्हा गोधड्यांखाली सरकवला.

संध्याकाळी जेवताना प्रफुल्लनं मेल वाचली आणि फोन पालथा ठेवला.

"गेला मार्टिन."

"चांगलंच झालं ना," दामिनी ताटाकडे बघत म्हणाली. "पॅकेज पुरं झालं तुझं. आता खुश राहा."

"मी तं खुशच आहो."

"अन् माझ्या मुगवड्या?" सिंधुताईंनी विचारलं.

प्रफुल्ल उठला. बांधून ठेवलेला मुगवड्यांचा पुडा त्यानं आणला आणि दामिनीच्या ताटाशेजारी ठेवला.

"मार्टिनले सांग, इतक्यात जाऊ नको," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तुले नाइट आहे ना? चूक जरा सोपी टाकतो."